एका युनिटचं ऋण

आमच्या घरावर ज्यांचं ऋण आहे अशांची नावं घ्यायची झाली, तर आईवडील, सासूसासरे आणि शाळेतल्या बाई यांच्या पंक्तीला मी कराडच्या एका निवृत्त लाइनमनना बसवीन. त्यांचं आमचं रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, पूर्वीची ओळखदेखही नाही. त्यांनी आम्हांला दिलं काय, तर एक युनिट वीज. घरच्या बिलावर अशी शेकड्यांनी युनिटं येतात आणि आपण ती नजरेआड करतो. पण ते एक युनिट ज्या रात्री मिळालं आणि ज्या रीतीने वापरायला शिकवलं गेलं, ती रात्र आणि ती रीत आमच्या घरात कायमची राहिली आहे.

ही गोष्ट टेक्सासची, फेब्रुवारी २०२१ मधली. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मुलगी दोन महिन्यांची होती. माझी आई बाळंतपणासाठी आली होती. तिला दमा आहे, थंडी सोसत नाही. टेक्सासमध्ये ही काळजी कोण करतो? इथली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. निम्म्याहून अधिक घरांत ऊबसुद्धा विजेवरच मिळते, आणि आमच्या घरात तर गॅसची जोडणीच नव्हती. चूल विजेची, गरम पाणी विजेचं, हवा तापवायचं यंत्र विजेचं.

त्या आठवड्यात उत्तर ध्रुवाकडची हवा थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली. सगळ्या राज्याने एकाच वेळी हीटर लावले. विजेची मागणी वाढत गेली आणि त्याच थंडीने वीज बनवणाऱ्यांचे हातपाय गारठले. नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि नळ गोठले, वीजकेंद्रांतली उपकरणं गोठली, काही पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ बसला. टेक्सासचं ग्रिड देशाच्या बाकीच्या दोन मोठ्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळं आहे, त्यामुळे शेजाऱ्यांकडून उसनी वीज फारशी आणता आली नाही. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास भारनियमन सुरू झालं. राज्यभरात ४५ लाखांहून अधिक घरं आणि कचेऱ्या अंधारात गेल्या. फिरतं भारनियमन असेल, म्हणजे थोडा वेळ इकडे बंद, थोडा वेळ तिकडे, असं सांगितलं होतं. आमच्याकडची वीज गेली ती गेलीच.

सकाळपर्यंत घर गार पडलं. दुपारी नळाचं पाणी बारीक झालं. आईने दोन स्वेटर, शाल, कानटोपी असं सगळं अंगावर चढवलं होतं, तरी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला होता. तिचा नेब्युलायझरही विजेवरच चालणारा. रस्त्यांवर बर्फाचा थर काचेसारखा घट्ट झालेला, त्यावर गाडी घालायची कुणाची छाती नव्हती. आणि रात्री पारा याहून खाली जाणार होता. डॅलसच्या विमानतळावर दुसऱ्या दिवशी पहाटे उणे १९ सेल्सिअसच्या जवळपास तापमान नोंदलं गेलं. १९४९ नंतर तिथे इतकी थंडी पडली नव्हती.

मी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एवढंच लिहिलं, ‘घरात दोन महिन्यांचं बाळ आणि दम्याची आई आहे. वीज नाही. जवळ कुणाकडे काही सोय आहे का?’

संध्याकाळी दार वाजलं. बाहेर साठी उलटलेले एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उभे. दोघांच्या पायांना बर्फ. काकांच्या कडेवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, लहान मूल घ्यावं तसं धरलेलं. ते आत आले, गोधडी उलगडली आणि आतून दहा किलोच्या आसपास वजनाची, हँडल असलेली पेटी निघाली. पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली मोठी बॅटरी. मुलाने तंबू घेऊन भटकायला जाण्यासाठी घेतलं होतं. त्यांच्या घरी गॅसची चूल होती, गॅसची फायरप्लेस होती, त्यांचं भागत होतं. थंडीचा अंदाज ऐकल्यापासून काकांनी ती पेटी पूर्ण भरून ठेवली होती.

‘गोधडी का?’ मी विचारलं.

‘गारठली की बॅटरी हात आखडता घेती,’ काका म्हणाले. ‘आन् लिथियमची बॅटरी गोठणाऱ्या थंडीत चार्ज करायची नसती, आतून खराब होती. तिला घरातच ठेवा. पण आता चालू झाल्यावर गोधडी वर टाकू नका, पंख्याची जाळी मोकळी राहू द्या.’

काकांची सगळी नोकरी आधी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यावर महावितरणमध्ये गेली. लाइन हेल्पर म्हणून लागले, लाइनमन म्हणून निवृत्त झाले. पाटण-कराडच्या पट्ट्यात पावसाळ्यात रात्री-अपरात्री खांबावर चढणं, डीओ फ्यूज उडाला की तो टाकणं, डीपीवर गेलेला फेज शोधणं, यात आयुष्य गेलं. २०२० च्या सुरुवातीला नातवाला बघायला अमेरिकेत आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले. पुढे नातवाच्या ओढीने राहिले. हे सगळं आम्हांला नंतर कळलं. त्या संध्याकाळी कळलं ते एवढंच, की हा माणूस विजेशी बोलायला शिकलेला आहे.

आमच्याकडे तेलाचा एक हीटर होता, रेडिएटरसारखा, चाकांचा. नवऱ्याने तो पुढे ओढला आणि वायर हातात घेऊन विचारलं, ‘काका, हा लावायचा ना?’

काकांनी हीटर आडवा केला, फोनचा उजेड पाडून त्याच्या तळाची पट्टी वाचली. १५०० वॅट. मग पेटीच्या मागची पट्टी वाचली. इन्व्हर्टर १००० वॅट, बॅटरी १००० वॅट-तास. ते म्हणाले, ‘हे दोन आकडे वेगळे असत्यात. पहिला सांगतो, एका वेळी किती ओढता येईल. दुसरा सांगतो, एकूण किती आहे. तुमचा हीटर पुऱ्या जोरावर लावला तर ही पेटी त्याला दारातूनच परत पाठवील.’

‘कमी जोरावर लावला तर? ६०० वर?’

काकांनी टेबलावरचं एक जुनं पाकीट ओढलं आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायला बसले. ते पाकीट माझ्याकडे अजून आहे, आणि काकांचं अक्षर शाळेतल्या फळ्यावर असावं तसं मोठं आणि गोल आहे. सगळ्यात वर लिहिलंय, ‘१ युनिट’. त्याखाली, ‘हाती ८५०’. १००० वॅट-तास म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या बिलातलं बरोबर एक युनिट. बॅटरीतली डीसी वीज एसी करताना इन्व्हर्टर थोडी खातो, तेवढी वजा करून हाती साडेआठशे धरायचे. ६०० वॅटचा हीटर म्हणजे सव्वा तास, फार तर दीड. त्याच्यापुढे पहाटेपर्यंत काही नाही. पेटी मोठी असती आणि तिने १५०० वॅट ओढू दिले असते, तरी एवढं एक युनिट अर्ध्या तासाच्या आसपास संपलं असतं.

‘पोरी, हीटर माणसाला ऊब देत नाही, खोलीला देतो,’ ते म्हणाले. ‘आन् खोलीचं पोट लई मोठं. भिंती खाणार, काचा खाणार, दाराच्या फटी खाणार, उरलं तर तुम्हांला. एक युनिटात खोली जगत नाही. माणूस जगतो.’

मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, ‘ताई, हीटिंग पॅड आहे का घरात? गुडघ्याला लावायचं?’

होतं. आणि आम्हांला भेट मिळालेली एक विजेची चादरही होती. पॅड ५० वॅटचं, चादर १०० वॅटची. काकांनी पाकिटावर चार ओळी पाडल्या. आई: पॅड, अर्धा वेळ, ३००. बाळ-बाळंतीण: चादर, तासाला वीस मिनिटं, ४००. नेब्युलायझर दोनदा, ५०. फोन, ३०. खाली रेघ मारून बेरीज ७८०, आणि तिच्या शेजारी ‘शिल्लक ७०’. बारा तासांची रात्र त्यांनी आमच्यासमोर मांडून ठेवली. कधी काय लावायचं आणि कधी काढायचं हे वेळांसकट लिहिलं. काही लावलेलं नसेल तेव्हा एसीचं बटण बंद ठेवायचं, कारण इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी थोडंथोडं खात राहतो, हेही लिहिलं.

झोपायची जागा त्यांनीच ठरवली. आमच्या बेडरूमला लागून कपड्यांची एक आतली खोली होती. तिला खिडकी नव्हती, बाहेरच्या हवेला लागलेली एकही भिंत नव्हती. त्यांनी आणि मुलाने मिळून तिथली खोकी बाहेर काढली, खाली गाद्या घातल्या, वर रजया. दार बोटभर उघडं ठेवायला सांगितलं. ‘बसलेला माणूससुद्धा शंभरेक वॅट ऊब देतो,’ म्हणाले. ‘तुम्ही तिघं मोठी आहात. म्हणजे तीनशे वॅटचा हीटर फुकट, आन् त्याला पेटी लागत नाही. त्याला नुसती लहान जागा द्या.’

बाळाच्या बाबतीत ते फार कडक होते. विजेची चादर किंवा पॅड बाळाच्या अंगाला लावायचं नाही, त्याच्या खाली घालायचं नाही. तान्ह्या मुलाला चटका बसला तर ते सांगू शकत नाही, बाजूला सरकू शकत नाही. चादरीने अंथरूण तापवायचं, चादर काढायची, मग बाळाला आईच्या छातीशी घेऊन तिथे बसायचं. आणि बाळ अंगावर असताना मोठ्यांपैकी कुणीतरी एक जागं राहायचं. जाताना ते दोन गोष्टी पुन्हा बजावून गेले. गॅलरीतली कोळशाची शेगडी कितीही थंडी वाजली तरी आत आणायची नाही. आणि गॅरेजमध्ये गाडी चालू करून कुणी बसायचं नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

ती रात्र आम्ही पाकिटावरच्या वेळांनी काढली. पेटीच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे: किती टक्के उरलं आणि या क्षणी किती वॅट जातायत. पॅड आपोआप बंद व्हायचं, ते पुन्हा चालू करावं लागायचं. नवरा आणि मी आळीपाळीने जागलो. आईची पाठ पॅडला लागली की तिचा श्वास थोडा सैल व्हायचा. रात्री अकराला आणि पहाटे चारला नेब्युलायझर लावला. त्याच्या घरघरीत मुलगी एकदाही उठली नाही. माझ्या छातीवर तिचं डोकं कोमट होतं आणि त्याच्याहून जास्त मला त्या रात्री काही नको होतं. बाहेरच्या खोलीत ग्लासातल्या पाण्यावर पातळ पापुद्रा धरला होता. सकाळी सात वाजता पडद्यावर अजून थोडी टक्केवारी शिल्लक होती.

हीटर लावला असता तर रात्री नऊच्या आत सगळं संपलं असतं. हे मी नंतर पुष्कळदा मनात मोजलं आहे.

दुपारी ऊन आल्यावर काका आणि त्यांचा मुलगा गाडी घेऊन आले, अगदी चालीच्या वेगाने, आणि आम्हां चौघांना त्यांच्या घरी घेऊन गेले. काकूंनी आल्या-आल्या आईच्या हातात आल्याचा चहा ठेवला. तिथून पुढे वीज परत येईपर्यंत आम्ही त्यांच्याच घरी राहिलो. ना त्यांनी विचारलं किती दिवस, ना आम्हांला विचारावं लागलं.

त्याच घरी मी काकांना एकदा संतापलेलं पाहिलं. शेजारच्या एका गृहस्थांनी कुठूनतरी पेट्रोलवरचा जनरेटर मिळवला होता. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचा, म्हणजे घरभर दिवे लागतील, असा त्यांचा बेत होता. काका चपला न घालता अंगणात धावले. इंग्रजी त्यांना जेमतेम येत होतं. त्यांनी वायर हातातून काढून घेतली आणि वर खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘नो. मॅन ऑन पोल. डेड.’

नंतर त्यांनी आम्हांला उलगडून सांगितलं. सॉकेटमधून घरात सोडलेली वीज मीटरमधून मागे बाहेर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर एरवी व्होल्टेज उतरवतो, तोच आता उलटा चढवतो, आणि मेलेल्या समजलेल्या तारेत हजारो व्होल्ट येतात. लाइन बंद आहे म्हणून कुणीतरी वर चढलेला असतो. कराडकडे असताना त्यांचा एक जोडीदार असाच गेला होता. लाइन बंद ठेवायचं परमिट घेतलेलं होतं, फिडर बंद होता. पण कुणाच्या तरी घरातून वीज मागे आली. ‘त्याच्या बायकोला निरोप द्यायला मी गेलो होतो,’ काका म्हणाले, आणि उठून नातवाला घ्यायला गेले.

म्हणूनच त्यांना ती पेटी आवडली होती. तिला धूर नाही, पेट्रोल नाही, आणि यंत्राची वायर तिच्याच सॉकेटात जाते, भिंतीत जात नाही. तिच्याकडून घर चालवायची अपेक्षा करू नका, माणूस चालवायची करा, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढे या संकटाची चौकशी झाली आणि आकडे बाहेर आले. राज्याच्या आरोग्य विभागाने २४६ मृत्यू नोंदवले. त्यातले जवळपास दोन तृतीयांश थेट थंडीने झाले होते. काही माणसं कार्बन मोनॉक्साइडने गेली. आपलं घर ऊबदार ठेवू पाहणारी माणसं होती ती. तेव्हा मला काकांचं शेगडी आणि गॅरेजबद्दलचं बजावणं आठवलं आणि अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट त्या चौकशीतून कळली. ग्रिडची फ्रिक्वेन्सी अमेरिकेत ६० हर्ट्‌झ असते. भारनियमन सुरू झालं त्या पहाटे ती ५९.३ पर्यंत घसरली होती. ५९.४ च्या खाली ती नऊ मिनिटं राहिली असती, तर उरलेली केंद्रंही एकामागून एक आपोआप सुटली असती आणि सगळं राज्य अंधारात जाऊन परत उभं राहायला आठवडे लागले असते. साडेचार मिनिटांच्या आसपास शिल्लक असताना नियंत्रण कक्षातल्या माणसांनी भार कापून फ्रिक्वेन्सी वर आणली. मी हे काकांना फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा ते कराडला परतले होते. ते म्हणाले, ‘मग त्यांचेही उपकार मानायचे. तुमचा फिडर ज्याने बंद केला, त्याने बाकीच्यांचा वाचवला. बंद करणाऱ्याला कुणी दुवा देत नाही. आमच्या भारनियमनात लोक शिव्याच द्यायचे.’ हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नसता. ज्यांनी पाच-सहा महिने आधी केंद्रं थंडीसाठी सज्ज करायला हवी होती, त्यांचा दोष त्याने कमी होत नाही. २०११ च्या फेब्रुवारीतही टेक्सासमध्ये असंच घडलं होतं आणि काय करायला हवं ते तेव्हाच लिहून दिलं गेलं होतं. पण त्या रात्री कामावर असलेल्या माणसांचं ऋण वेगळं आणि त्या दोषाचा हिशोब वेगळा, हे काकांनी मला शिकवलं.

पुढच्या भारतवारीत आम्ही कराडला त्यांच्या घरी गेलो. मुलगी तेव्हा धावायला लागली होती. आईने त्यांच्यासाठी नऊवारी लुगड्यांच्या कापडाची गोधडी शिवून आणली होती. काकांनी ती घेतली, पण आभाराचा शब्द आईच्या तोंडून निघू दिला नाही. ‘ताई, लाइनमनच्या घरात वीज मागायला आलेल्याला परत पाठवत नसत्यात,’ म्हणाले, आणि विषय बदलला.

हे ऋण परतफेडीचं नाही. ते पुढे देण्याचं आहे, म्हणून हे लिहिते आहे. पॉवर स्टेशन घ्यायचं असेल तर पेटीवरचे दोन्ही आकडे वाचा, वॅट आणि वॅट-तास, आणि घरातल्या यंत्रांच्या पट्ट्या वाचून हिशोब आधीच कागदावर मांडून ठेवा. हीटर, किटली, इस्त्री त्या यादीत धरू नका. पॅड, चादर, नेब्युलायझर, फोन एवढ्यांची बेरीज करा. कोळसा आणि इंजिन घराच्या आत आणू नका. भिंतीच्या सॉकेटात कधीही उलटी वीज सोडू नका, कारण खांबावर कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो. आणि आपल्या गल्लीत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल कोणत्या घरात आहे, हे वीज असतानाच माहीत करून घ्या. आता आमच्याकडेही एक पेटी आहे, आणि थंडीचा अंदाज आला की ती आम्ही भरून ठेवतो. डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या कुणालाही ती लागली, तर मंडळाच्या गटावर एक ओळ लिहावी. आम्ही चालत घेऊन येऊ.